आधी तोंडानं, मग हातानं

९ जून १९६३

पद्माच्या पांढऱ्या पोलक्याची बटणं उसवून टिचबटणं लावायचं काम चाललं आहे. उसवलेली बटणं फेकत नाही. वरच्या पट्टीवर तशीच शिवून टाकते, म्हणजे बघणाऱ्याला पोलकं चारचौघींसारखं दिसतं. आतून नुसतं दाबलं की लागतं. निळ्या परकराला नाडीऐवजी हूक लावून झाले. उद्या शाळा उघडते. पद्मा पाचवीत जाते आहे, मुलींच्या नव्या शाळेत.

युनिफॉर्म एकच शिवला आहे. बाकीच्या घरांत दोन शिवतात. मी दुसऱ्याचं कापड आणलं नाही, कारण हेडमिस्ट्रेसबाईंनी पद्माला दसऱ्याच्या सुट्टीपर्यंतच घेतलं आहे. "बघू. जमलं तर ठेवू," म्हणाल्या. आधी दोन शाळांनी सरळ नाही म्हटलं होतं. ही तिसरी. चौथी शाळा आमच्या चालण्याच्या टप्प्यात नाही, आणि बसमध्ये पद्माला एकटीला चढता येत नाही.

आमच्या चामराजपेटेतल्या मराठी बायकांच्या भजनात एक नवी सून येते. तिचा मुलगा पद्मासारखाच आहे. परवा तिनं मला दारात गाठून विचारलं, "अक्का, तुम्ही काय काय केलंत, स्वल्प सांगा की." दारात उभं राहून सांगितलं तर अख्खी गल्ली ऐकते. म्हणून लिहून देते आहे. शिवण मध्येमध्ये बाजूला ठेवून.

पोलिओ नव्हे

पद्मा उशिरा बसली, उशिरा चालली. बोलायला मात्र लवकर लागली आणि अजून थांबलेली नाही. सपाट जमिनीवर पडायची. ताटातला भात तोंडात कमी आणि मांडीवर जास्त. चप्पल उलट्या पायात घालून तशीच चालायची, आणि चुकलंय हे तिला कळायचं नाही. पहिलं मूल, मला वाटलं सगळ्यांचीच मुलं अशी असतील. माझ्या सासूबाईंना तसं वाटत नव्हतं. त्यांनी सहा मुलं वाढवलेली. त्या दर शनिवारी तिची दृष्ट काढायच्या.

ती सात वर्षांची असताना आमच्या मागच्या गल्लीत एका मुलाला पोलिओ झाला. त्या आठवड्यात पद्मा जिन्यावरून पडली. उठवून उभी केली तर पुन्हा पडली. आमचे हे ऑफिसला निघाले होते. डोक्याची टोपी काढली आणि टांगा बोलवायला धावले. सरकारी हॉस्पिटलपर्यंत टांग्यात कुणी एक शब्द बोललं नाही. पद्मा सोडून. ती घोड्याचं नाव विचारत होती.

तपासण्यांसाठी तिला ठेवून घेतलं. सकाळी दूध आणि ब्रेड, मग झाडू, मग डॉक्टरांची फेरी, मग दिवसभर काही नाही. वॉर्डात ओळीनं मुलं, बहुतेकांच्या पायांना लोखंडी पट्ट्या. मी पद्माचे पाय सारखे दाबून बघत होते, थंड आहेत का, मऊ पडलेत का. माझ्या दाबण्यानंच ते लाल झाले होते आणि त्यावरून मी आणखी घाबरत होते. शेजारच्या खाटेवरची मुलगी चालू शकत नव्हती, पण तिचे हात चलाख होते. ती पद्माच्या झग्याची बटणं लावून द्यायची आणि बदल्यात पद्मा तिला गोष्ट सांगायची. त्या दोघींनी आपापसांत व्यवहार ठरवून टाकला होता. त्या वॉर्डात मला हसू आलं ते तेवढ्या एका गोष्टीनं.

शेवटी तरुण डॉक्टर आले. पद्माला म्हणाले, डोळे मीट आणि बोट नाकाला लाव. तिनं बोट डोळ्यात घातलं. पुन्हा सांगितलं. गालाला लागलं. एका पायावर उभी राहा म्हणाले, तर डॉक्टरांच्याच अंगावर कोसळली.

"पोलिओ नाही," ते म्हणाले. "लकवा नाही. बुद्धी चांगली आहे, माझ्यापेक्षा जास्त बोलते. हात चांगले, पाय चांगले. काय करायचं ते तिला कळतं. कसं करायचं, ते हातापायांपर्यंत नीट पोचत नाही. अशी काही मुलं असतात."

"औषध?"

"औषध नाही. धीर धरा."

"जेवणाआधी की जेवणानंतर?" मी विचारलं.

डॉक्टर हसले. मला हसायचं नव्हतं. पोलिओ नाही म्हटल्यावर यांनी भिंतीला टेकून डोळे मिटले होते. मला मात्र हायसं वाटेना. पोलिओला नाव होतं, पट्ट्या होत्या, लोक वाट सोडून देत होते. हिच्याकडे बघून कुणाला काही दिसणार नव्हतं. दिसणार होता तो फक्त आळस.

मराठी बंद

तसंच झालं. शाळेत पाटीवरची अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढलेली. ड्रिलमध्ये सगळ्या उजवीकडे, ही डावीकडे. मुली तिला 'बिद्दम्मा' म्हणायच्या. कन्नडमध्ये बिद्दू म्हणजे पडून. बिद्दम्मा म्हणजे पडूबाई. घरी येऊन पद्मानंच ते नाव सांगितलं, अगदी नक्कल करून. मग जेवली नाही.

तिसरीच्या टीचरनी मला बोलावून घेतलं. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या घरी मराठी बोलतात ना? मग पोरीला माझं कन्नड समजत नाही. मी उजवीकडे म्हणते तेव्हा ती आधी मराठीत विचार करते, तोवर बाकीच्या वळून मोकळ्या. घरात मराठी बंद करा. बघा कशी सरळ चालेल."

आता हसू येतं. त्या दिवशी ते अगदी पटलं. आमची माणसं तीनशे वर्षं या मुलखात आहेत. बाजारात, ऑफिसात, रस्त्यावर कन्नड आणि उंबरा ओलांडला की मराठी, हे आम्ही कधी ठरवलेलंसुद्धा नव्हतं. डॉक्टरांकडे औषध नव्हतं. हे निदान काहीतरी करण्याजोगं होतं. त्याच संध्याकाळी मी जाहीर केलं, आजपासून घरात कन्नड.

सासूबाईंचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं. पण त्या म्हणाल्या, "भाजीवालीशी बोलायची भाषा मी देवघरात आणू? मग मी मुकी बरी." आणि आमच्याशी बोलायच्या थांबल्या. मात्र तुळशीपुढे उभ्या राहून ठणठणीत मराठीत बोलायच्या, सगळ्या घराला ऐकू जाईल असं.

"तुळशीबाई, आज पोरीनं हुळीचं भांडं उपडं केलं, सगळी आमटी जमिनीवर. सांगू कुणाला? या घरात माझी भाषा कळणारं कुणी उरलं नाही."

"तुळशीबाई, मुलाला म्हणावं, टोपी खुंटीवर राहिली."

हे खरंच परत येऊन टोपी घेऊन जायचे.

पाऊस संपून थंडी पडेपर्यंत हे चाललं. पद्मा पहिल्याइतकीच पडत राहिली, आता कन्नडमध्ये ओरडून. मग शाळेच्या समारंभात तिनं एक लांबलचक कन्नड कविता न अडखळता म्हटली, वर्गातल्या कुठल्याच मुलीला आली नव्हती तशी. टाळ्या घेऊन खाली उतरताना पायरी चुकली आणि टीचरच्या पुढ्यात आडवी झाली. टीचर तिला उठवत माझ्याकडे बघत राहिल्या. "भाषा नाही वाटतं," एवढंच म्हणाल्या.

घरात मराठी परत आली. सासूबाई पहिलं वाक्य बोलल्या ते मला उद्देशून. ते इथं लिहीत नाही. त्या वर्षी पद्मा नापास झाली. उत्तरं येत होती, पण लिहिलेलं कुणाला वाचता आलं नाही.

वासुदेव म्हणजे नाक

आमचे हे रोज सकाळी संध्या करून ऑफिसला जातात. देवाची एकेक नावं घेत एकेका अवयवाला बोट लावायचं असतं. वासुदेव म्हणताना नाकपुडी, अनिरुद्ध म्हणताना डोळा, अधोक्षज म्हणताना कान. लहानपणापासून केलेलं; यांचं लक्ष घड्याळाकडे असतं तरी तोंड चालतं आणि तोंडामागून हात चालतो.

एकदा मी इडलीचं पीठ वाटत होते. पद्मा यांच्या समोर भिंतीला टेकून बसली होती आणि त्यांच्याबरोबर पुटपुटत होती. सहज मान वर केली तर तिचं बोट बरोबर नाकावर होतं. मग डोळ्याच्या पापणीवर, हलकं. मग कानावर. मग दुसऱ्या कानावर. डॉक्टरांपुढे जिनं बोट डोळ्यात घातलं ती हीच मुलगी.

मी हात न धुता तशीच उठले. "पद्दी, पुन्हा कर." तिनं केलं. "आता न बोलता कर." बोट गालावर गेलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "मुलीच्या जातीनं संध्या? आणि तू बघत बसली आहेस?"

"संध्या नाही करत. कान कुठं आहे ते शोधते आहे," मी म्हटलं.

"देवाच्या नावानं?"

"मग कुणाच्या नावानं शोधू?" पद्मा म्हणाली, आणि आजीचा फटका चुकवायला जाऊन दाराच्या चौकटीवर आपटली.

पण मला दोरा मिळाला होता. तिचे हात डोळ्यांचं ऐकत नाहीत, तोंडाचं ऐकतात. कसं करायचं ते दाखवून उपयोग नव्हता. मी वर्षानुवर्षं दाखवतच होते. ते तिला तोंडपाठ हवं होतं, ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या क्रमानं, रोज तेच. आणि पाठांतरात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

आधी परकराची नाडी घेतली. मी एकेक हालचाल सुटी करून शब्द लावले, पद्मानं ते बदलून आपले केले. "उजवीवर डावी. खालून आत. ओढ. एक घर. घराला फेरी. दारातून बाहेर. आयतु!" आयतु म्हणजे झालं. शेवटी आयतु म्हटल्याशिवाय ती सोडायची नाही, आणि म्हटल्यावर गाठ बसली नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. मधून सुरू करता येत नाही. हे नीट लक्षात ठेवा. मध्ये कुणी टोकलं की सगळं पुसलं जातं. ज्या दिवशी पहिली गाठ बसली त्या दिवशी तिनं ती सोडूच दिली नाही. तसाच परकर घालून झोपली.

मग चप्पल, वेणी, ताटातलं कालवणं, पाटीवरचा 'अ'. प्रत्येकाचे वेगळे शब्द. सगळं जमलं असं समजू नका. वेणी अजून जमत नाही. कॉफी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायला मी देत नाही. गर्दीत, घाईत, कुणी हसलं की शिकलेलं सगळं जातं. थकली की जातं. ताप येऊन गेला की पुन्हा शिकवावं लागतं. आणि मला राग येतो. येतो हे लिहून ठेवते, कारण त्या नव्या सुनेलाही येत असणार आणि तिला वाटत असेल की तिलाच येतो.

पुटपुट

घरात पुटपुटलेलं चालतं. शाळेत चालत नाही.

चौथीच्या टीचरना वाटलं ही शेजारणीला उत्तरं सांगते. पट्टी बसली, बोटांच्या पेरांवर. मग पद्मा गप्प बसून लिहायला लागली आणि अक्षरं पुन्हा एकमेकांच्या अंगावर चढली. मी शाळेत गेले. टीचर म्हणाल्या, "एकीला पुटपुटू दिलं की चाळीस जणी पुटपुटतील. मी वर्ग चालवू की मधमाश्यांचं पोळं?"

खोटं नव्हतं ते. मी भांडले नाही. विचारलं, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसवलं तर? ओठ हलू देत, आवाज नको? पाटी सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं चालेल? टीचरनी होगली, म्हणजे जाऊ दे, म्हणून मान हलवली. त्या बाकावर बसून पद्मानं चौथी काढली. पहिली नाही आली. पास झाली.

तो बाक, त्या टीचर, ते फडकं, सगळं जुन्या शाळेत राहिलं.

नव्या शाळेच्या हेडमिस्ट्रेसबाईंनी तिच्याकडून वाचून घेतलं. खूष झाल्या. मग टाक पुढे केला, नाव लिही म्हणाल्या. पद्माचे ओठ हलायला लागले. "काय म्हणतेस?" बाईंनी विचारलं. मध्येच तुटलं. टाक दौतीला लागला, दौत कलंडली, शाई बाईंच्या टेबलावर.

"सॉरी मिस्," पद्मा म्हणाली. "पण दौत कडेला होती."

"बायी जोरु," बाई मला म्हणाल्या. तोंड भारी आहे. मग शाई टिपत म्हणाल्या, "शिवण, ड्रिल, लेखन, तिन्हीत मार्क लागतात आमच्याकडे. दसऱ्यापर्यंत बघू. नाहीच जमलं तर घरी ठेवा. मुलगीच तर आहे."

माझीही शाळा अशाच एका वाक्यानं सुटली होती. मी थँक्यू म्हटलं आणि पद्माचा हात धरून बाहेर पडले. बाहेर आल्यावर कळलं की मी तो फार घट्ट धरला होता.

आज संध्याकाळी

टिचबटणं संपत आली. मघाशी कॉफीच्या वेळी वाद झाला. मी म्हणत होते, उद्या जाऊन वर्गाच्या नव्या टीचरना सगळं सांगते. हे म्हणाले, "नको. आधीच सांगितलं की शिक्का बसतो."

"नाही सांगितलं की पट्टी बसते."

"हेडमिस्ट्रेसना दिसलंच आहे. आणखी कशाला दाखवायचं? चार दिवस जाऊ दे."

"चार दिवसांत ती ओठ मिटून बसायला शिकेल. मग दसऱ्याला काय घेऊन जाऊ त्यांच्यापुढे?"

यांचंही चूक नाही. मला रात्रंदिवस दोन्ही दिसतं. सांगितलं तर त्या पहिल्या दिवसापासून तिच्या चुका मोजतील. नाही सांगितलं तर तिला आळशी, नाहीतर चोरटी म्हणतील. दोन्हीकडून दसरा तोच.

"माझ्याबद्दल बोलताय तर मलापण कॉफी द्या," पद्मा दारातून म्हणाली. अर्धी भरून दिली. दोन्ही हातांनी धरून, पुटपुटत प्यायली. "मीच सांगते टीचरना. मला बोलता येतं."

"तुला जास्त येतं, तीच भीती आहे," मी म्हटलं.

मग थोडक्यात काय सांगायचं ते बसवलं, नाडी बसवली तसंच. कन्नडमध्ये. टीचर कोण होणार? सासूबाई माजघरातून उठून आल्या, पदर खोचला, हातात लाटणं घेतलं आणि कन्नडमध्ये कडाडल्या, "येनम्मा, येनु गोणगुत्तीया?" काय पुटपुटतेस गं? मराठी बंद होती त्या सगळ्या महिन्यांत या बाईनं एक कन्नड शब्द घरात उच्चारला नव्हता.

पद्मा आधी दचकली. मग सरळ उभी राहिली. "टीचर, मी हाताला सांगते काय करायचं ते. आवाज नाही करणार. शेवटच्या बाकावर बसू का?"

"दौतीचं बोलू नकोस," हे म्हणाले.

"पुन्हा," सासूबाई म्हणाल्या, आणि लाटणं आपटलं. दिवेलागण झाली तरी दोघींचं चाललं होतं. दर वेळी टीचर आणखी खाष्ट होत होती.

१० जून

सकाळी डब्यात दहीभात दिला नाही. चपातीत भाजी गुंडाळून सुरळ्या दिल्या. सांडायला काही नाही, कालवायला काही नाही. डब्याच्या झाकणाला फडक्याची चिंधी बांधली, ओढायला. वेणी मी घातली. पोलकं तिनं स्वतः लावलं, परकराचे हूक स्वतः लावले, दोन्ही वेळा आयतु ऐकू आलं. शाळेपर्यंत बरोबर गेले. फाटकाशी ती म्हणाली, "अम्मा, तू इथंच."

मी रस्त्याच्या पलीकडे फुलवालीच्या मागे उभी राहिले. पटांगणात ओळी लागत होत्या. पद्मा पाचवीच्या टीचरपुढे जाऊन उभी राहिली. उंच बाई, कोवळ्या वयाची, हातात हजेरी. पद्मा बोलत होती. ठरल्यापेक्षा जास्त बोलत होती हे मला लांबूनही दिसलं. टीचर खाली वाकल्या. काहीतरी विचारलं. पद्मानं दोन्ही हात पुढे करून दाखवले. टीचरनी ओळीच्या अगदी शेवटी बोट दाखवलं आणि पद्मा तिकडे गेली. वाटेत एकीच्या पायाला अडखळली, पडली नाही.

शेवटी पाठवली ती तिच्या सोयीसाठी की डोळ्यांआड करायला, मला कळलं नाही. टीचरचा चेहरा दिसत नव्हता. मग प्रार्थना सुरू झाली. सगळ्या शाळेचे ओठ हलत होते. त्यात तिचे कुठले, ते मला वेगळं काढता येईना.

प्रार्थना संपली, ओळी आत गेल्या, शिपायानं फाटक लावलं. मी थोडा वेळ तिथंच होते. फुलवालीनं विचारलं, "हूवु बेका अम्मा?" मी नको म्हटलं. मग सिटी मार्केटकडे चालत गेले आणि कापडवाल्याकडून दुसऱ्या युनिफॉर्मचं कापड घेतलं, निळं आणि पांढरं, आणि टिचबटणांचं एक कार्ड. परकराचं चांगलं लांब मोजून घेतलं, खाली दुमड घालून पुढच्या वर्षीही उसवता येईल इतकं.